पाणी वाचणारी माणसे

उन्हाळ्याची सुटी लागली की आम्हा प्राध्यापक मंडळींत दोन तट पडतात. एक तट उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन पंख्याखाली बसतो आणि दुसरा लग्नांच्या पंगतींतून हिंडतो. गेली अठरा वर्षे मी या दोन्ही तटांवर आलटून पालटून राहिले आहे. गेल्या उन्हाळ्यात मात्र मी तिसऱ्याच तटावर जाऊन राहिले, आणि तो अगदी खराखुरा, दगडगोट्यांचा तट होता. गंगेचा!

त्याचे असे झाले. माझा एक जुना विद्यार्थी, मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला, हृषीकेशच्या वर शिवपुरी येथे राफ्टिंगचा कॅम्प चालवतो. हवा भरलेल्या रबरी होडीत, म्हणजे राफ्टमध्ये, प्रवाशांना बसवायचे आणि फेसाळत्या पाण्यातून सुखरूप खाली आणायचे, असा हा व्यवसाय. मार्चमध्ये त्याचा फोन आला. "मॅडम, मे महिन्यात आपल्याकडची मंडळी फार येतात. आमचे गाइड सूचना देतात त्या हिंदीत नि इंग्रजीत. सगळे माना डोलावतात आणि राफ्ट पाण्यात लोटली की विचारतात, 'आता काय करायचं?' तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. वर्गात आम्ही ऐकायचोच ना!"

शेवटचे वाक्य सर्वस्वी खोटे होते. पण शिक्षकाला याहून गोड खोटे दुसरे कोणते असणार? मी होकार दिला.

घरात थोडी खळबळ उडाली. सासूबाई म्हणाल्या, "गंगेत बुडी मारायला जातात हे ठाऊक आहे. पण ती आपण होऊन मारायची असते ना गं?" आमच्या ह्यांनी विम्याचे कागद कोणत्या कपाटात आहेत ते सहज म्हणून विचारून घेतले. अकरावीतल्या मुलीने तेवढे निःस्वार्थी उद्गार काढले: "आई, फोटो पाठव."

तशी पाण्याशी माझी ओळख जुनी. मी सांगलीची. पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत ढकललेल्या पिढीतली. पण वाचकांचा गैरसमज नको. राफ्टचा गाइड होण्याचा परवाना एका सुटीत मिळत नाही, आणि मिळूही नये. माझे काम सकाळी प्रवाशांची नोंद करणे, त्यांना मराठीत सूचना समजावणे आणि जागा असेल तेव्हा गाइडच्या पुढ्यात बसून त्याचा शब्द पुढे पोहोचवणे. कॅम्पवरची पोरे मला 'आधी गाइड' म्हणत. हिंदीत 'आधी' म्हणजे अर्धी. मी ती पदवी एम. ए. च्या खालोखाल जपली आहे.

हृषीकेशहून बद्रीनाथच्या रस्त्याला लागले की सोळा-सतरा किलोमीटरवर शिवपुरी येते. रस्ता डोंगराच्या कमरेवरून जातो आणि खाली उजव्या हाताला गंगा दिसत राहते. आणखी वर ब्यासी, कौडियाला, आणि हृषीकेशपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर देवप्रयाग. तिथे भागीरथी आणि अलकनंदा भेटतात आणि तिथून पुढे नदीचे नाव गंगा. म्हणजे शिवपुरीची गंगा ही नावाने नुकतीच गंगा झालेली. हरिद्वारच्या घाटावरचे भारदस्तपण अजून तिच्या अंगी आलेले नाही. नव्या नवरीने माप ओलांडून घरात यावे आणि दुसऱ्याच दिवशी अंगणात लंगडी खेळावी, तसे तिचे येथले वागणे.

या लंगडीच्या जागा म्हणजे रॅपिड. दरी अरुंद झाली, तळाला मोठे दगड आले, उतार वाढला की पाणी उसळते, आपटते, मागे फिरते. जगभर अशा जागांच्या सहा इयत्ता ठरवलेल्या आहेत. पहिली म्हणजे नुसत्या लाटा. सहावी म्हणजे जवळजवळ यमाचेच दार. शिवपुरीच्या खालचे बरेचसे खळाळ तिसरीतले, काही तिसरी ओलांडून चौथीकडे झुकलेले. कौडियालाखालचा 'वॉल' हा चौथीच्याही वरचा. पाणी वाढले की कित्येक गाइड तिथे प्रवाशांना उतरवून काठाने चालत नेतात.

या जागांची नावे ऐकून मी पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला. जिची हजार नावे भाविक जपतात, त्या नदीवर 'थ्री ब्लाइंड माइस', 'क्रॉस फायर', 'रिटर्न टू सेंडर', 'रोलर कोस्टर', 'गोल्फ कोर्स' आणि 'क्लब हाऊस'! इतकेच काय, ब्यासीच्या बाजूला चक्क एक 'मरीन ड्राइव्ह' आहे. मुंबईकर पाहुण्यांना ते सांगितले की त्यांचा चेहरा घरचे पत्र आल्यासारखा फुलतो. पण महिनाभरात मला त्या नावांतला अर्थ दिसू लागला. 'रिटर्न टू सेंडर'मध्ये राफ्ट चुकली तर काठालगतचा उलटा प्रवाह तिला धरून पुन्हा वर नेतो. अपुऱ्या पत्त्याचे पाकीट पाठवणाऱ्याकडे परत यावे तशी. 'गोल्फ कोर्स'मध्ये जागोजागी पाण्याचे खड्डे आहेत. ही कवींनी दिलेली नावे नव्हेत. धोका कोणत्या जातीचा आहे ते एका शब्दात सांगणाऱ्या त्या पाट्या आहेत.

आमच्या कॅम्पवरचे सर्वांत जुने गाइड नेपाळचे. वय पन्नाशीच्या आसपास, बांधा किरकोळ, आवाज हळू. नेपाळीत थोरल्या भावाला 'दाजू' म्हणतात. सगळा कॅम्प त्यांना दाजूच म्हणे. गढवाली पोरे त्यांच्या हाताखाली तयार झालेली, आणि ते त्यांना 'भुला', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणून हाक मारत. मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'दिदी' करून टाकले. वयाने ते मोठे, पण दिदी मी! मानाचे नाते वयावर ठरत नाही, हे त्या बाजूला सर्वांनाच ठाऊक असते.

आल्या आल्या दाजूंनी मला पाण्यात उतरू दिले नाही. 'रोलर कोस्टर'च्या वरच्या अंगाला एका खडकावर नेऊन बसवले आणि विचारले, "दिदी, काय दिसतं?"

मी म्हटले, "पाणी. फेस."

"वाचा."

आयुष्यभर मुलांना 'वाचा' म्हणून सांगत आले. आता कोणीतरी मला सांगत होते. सकाळचा तो तास मी विसरणार नाही. दाजूंनी बोटाने एकेक अक्षर दाखवले. दोन खडकांमधून गुळगुळीत काळसर पाणी उतरते आणि त्याचे टोक खालच्या दिशेला निमुळते होत जाते, ती वाट. तिथे पाणी खोल आहे, राफ्ट तिथूनच घालायची. पण हेच टोक वरच्या दिशेला रोखलेले दिसले, तर टोकाशी पाण्याखाली दगड दडलेला आहे. एकच खूण, तोंड फिरले की अर्थ उलटा. मराठीत एखादा अनुस्वार इकडचा तिकडे झाला की वाक्याचे काय होते ते मी जाणते!

पुढचे अक्षर लाटेचे. समुद्रात लाट पुढे जाते आणि पाणी जवळपास जागच्या जागी वरखाली होते. नदीत उलट. पाणी वेगाने निघून जाते आणि लाट मात्र तिथल्या तिथे उभी. आज पाहिलेली लाट उद्याही त्याच दगडामागे भेटते. म्हणून गाइडला नदी पाठ करता येते. आणि पाठ केलेल्यावर विसंबता येत नाही, कारण वीतभर पाणी चढले की ओळी बदलतात. कालचा दगड आज खड्डा होतो. मोठ्या दगडावरून पाणी कोसळले की त्याच्या मागे ते स्वतःभोवतीच फिरू लागते. त्या खड्ड्यात सापडलेली वस्तू, मग ती ओंडका असो की माणूस, लवकर सुटत नाही. दुरून तो नुसता पांढराशुभ्र, सुंदर फेस दिसतो. "दिदी, जिथे जास्त पांढरं, तिथे जास्त हवा," दाजू म्हणाले, "हवेवर माणूस तरंगत नाही. जॅकेट असलं तरी तिथे तो खाली बसतो."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून गर्दी लोटली. शनिवार-रविवारी हृषीकेशच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागे आणि नदीवर राफ्टची. सकाळी साडेसातला मी हातात वल्हे घेऊन वाळूवर उभी राहत असे. समोर आपलीच माणसे: नाशिकचे डॉक्टर दांपत्य, सोलापूरहून आलेल्या शिक्षिकांचा घोळका, डोंबिवलीची तीन कुटुंबे. हेल्मेट घालून सगळे सारखेच दिसत. पदव्या, पगार, मानपान सगळे त्या टोपीखाली झाकून जाई.

मी सांगे: वल्ह्याच्या वरच्या टोकाला जी आडवी मूठ आहे, तिच्यावरचा हात काढायचा नाही. ती मोकळी सुटली तर शेजाऱ्याचे दात जातात. पाण्यात पडलात तर घाबरायचे नाही, आणि मुख्य म्हणजे उभे राहायचे नाही. पाय तळाच्या दगडांत अडकला तर मागचे पाणी तुम्हाला पालथे पाडते आणि कमरेएवढ्या पाण्यातही उठू देत नाही. पाठीवर पडून राहा, पावले पाण्याच्या वर, खालच्या दिशेला. दगड आला तर तो पायांना लागू दे, डोक्याला नको. दोरी फेकली तर दोरी धरायची. हाताला गुंडाळायची नाही. जवळच्याने तुम्हाला ओढायचे ते हाताला धरून नव्हे, जॅकेटच्या खांद्यांना धरून.

हुकूम मात्र इंग्रजीत राहिले. फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाऊन. मराठीच्या प्राध्यापिकेला हे खुपणारच. 'पुढे', 'मागे', 'थांबा' हे काय वाईट शब्द आहेत? मी दाजूंशी बोलले. त्यांनी शांतपणे विचारले, "दिदी, माझी राफ्ट उलटली आणि तुमची माणसं दुसऱ्या राफ्टने उचलली, तर तिथला भुला गढवाली. तो कोणत्या भाषेत ओरडेल?" त्यावर काय बोलणार! हुकूम सर्वांचे एका भाषेत आणि समजावणे ज्याच्या त्याच्या भाषेत, असा तह झाला. भाषावार प्रांतरचनेचे काम मला सोपवले असते तर मी याच सूत्राने केले असते!

माणूस पाण्यात पडतो कसा आणि वर येतो कसा, हे मी त्या महिन्यात पुष्कळदा पाहिले. एकदाचे सांगते. ठाण्याचे एक बँकेतले गृहस्थ, साठीला टेकलेले, माझ्या पुढे बसले होते. 'गोल्फ कोर्स'मध्ये राफ्ट एका बाजूने उचलली गेली आणि ते गेले. ओरडणे नाही, काही नाही; जागा रिकामी झाली, इतकेच. मागून दाजूंचा आवाज आला, तो नेहमीपेक्षा जरासा हळूच होता: "सगळे फॉरवर्ड." बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाटले की नवऱ्याला सोडून हा माणूस राफ्ट पुढे नेतो आहे. त्या रडू लागल्या. पण पडलेला माणूस प्रवाहाबरोबर पुढे जातो. थांबलेली राफ्ट त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. चार वल्ही मारली, गृहस्थ उजव्या हाताला वर आले, पावले पाण्याच्या वर, अगदी सांगितल्याप्रमाणे. पुढच्या भुलाने खांद्यांना धरले, स्वतः मागे पडला आणि त्यांना पोटावर ओढून घेतले. सगळे मिळून अर्धे मिनिट झाले असेल. काठावर चहा पिताना ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, मी निदान दहा मिनिटं आत होतो." त्यांचे खोटे नव्हते. घड्याळाचे मिनिट आणि पाण्यातले मिनिट यांचा हिशेब वेगळा.

आता जो प्रसंग सांगायचा आहे, तो पाण्यातला नव्हे, वाळूवरचा. मे महिन्यातला शेवटचा शनिवार. अठरा जणांचा गट, दोन राफ्ट भरून. त्यात दहा वर्षांचा एक मुलगा. चौदा वर्षांखालच्या मुलांना या पट्ट्यात बसवायचे नाही, हा आमच्या कॅम्पचा नियम. त्यातून त्या सकाळी पाणी चढलेले होते. काठावरच्या ज्या दगडाच्या खुणेवरून दाजू पाणी मोजत, तो दगडच दिसत नव्हता. मी मुलाच्या वडिलांना मराठीत नियम समजावला.

"अहो मॅडम, पोहण्यात मेडल आहे त्याला. जिल्ह्यात दुसरा आलाय."

मी दाजूंना सांगितले. ते म्हणाले, "दिदी, विचारा, मेडल कोणत्या पाण्यात मिळालं? थांबलेल्या की धावणाऱ्या?"

मग वडिलांनी पाकीट काढले. जास्तीचे पैसे देऊ केले. दाजूंनी हात जोडले. वडील चिडले. आपण इतक्या लांबून आलो, मुलाला वर्षभर कबूल केले आहे, शेजारी कोणीही नेईल, नियम काय सगळीकडे वाकवता येतात, असे बरेच काही झाले. मी अधून मधून भाषांतर करत होते. पण त्याची गरज नव्हती. 'नाही' हा शब्द सगळ्या भाषांत चेहऱ्यावरच लिहिलेला असतो. मुलगा हेल्मेट हातात धरून एकदा बापाकडे, एकदा पाण्याकडे बघत होता. त्याला जायचे होते की नव्हते, हे त्याला कोणीच विचारले नव्हते.

अखेर अठराच्या अठरा जण गाड्यांत बसून निघून गेले. माझ्या विद्यार्थ्याचा मोसमातला चांगला शनिवार गेला. भुलांना फेरीमागे पैसे मिळतात. त्यातले दोघे वल्ही टाकून वाळूवर नुसते बसून राहिले. त्या दिवशी गंगेत काही बुडाले असेल तर ती या दोन पोरांची मजुरी.

दाजू मात्र खडकावर जाऊन बसले, ते दुपारपर्यंत उठले नाहीत. जाणारी प्रत्येक राफ्ट ते पाहत होते. मी जेवायला बोलावायला गेले तेव्हा कळले की ते हेल्मेट मोजत आहेत आणि त्यात एखादे लहान दिसते का ते बघत आहेत. लहान हेल्मेट दिसले नाही. संध्याकाळी खालच्या कॅम्पवरच्या मुलांचे फोन आले. त्या कुटुंबाला चार ठिकाणी विचारून चारही ठिकाणी 'नाही' ऐकावे लागले होते आणि शेवटी मंडळी त्रिवेणी घाटावर आरतीला जाऊन बसली होती. दाजूंनी ते ऐकले, 'अच्छा' म्हटले आणि मग त्या दिवशी पहिल्यांदा जेवले.

जेवायला बसले की ताटे मोजायची त्यांना सवय. मी एकदा गमतीने म्हटले, "दाजू, स्वयंपाकघरातून कोणी वाहून जात नाही." ते हसले. थोड्या वेळाने म्हणाले, "नेपाळात एका नदीवर एकदा मोजणी एकाने कमी आली होती. प्रवासी नव्हता. आमच्यातलाच होता." एवढेच. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. त्यानंतर ताटे मी मोजू लागले.

शहरात आपण धाडस विकत घेतो, त्याची पावती घेतो, छायाचित्रे काढतो. ते धाडस कोणाच्या तरी भित्रेपणावर उभे असते, हे त्या छायाचित्रांत येत नाही. भित्रेपणा हा माझा शब्द नव्हे, दाजूंचा. ते म्हणत, "दिदी, ज्या दिवशी मला भीती वाटणार नाही, त्या दिवशी मी वल्हं ठेवणार." मी त्यांना सर एडमंड हिलरींची गोष्ट सांगितली. १९७७ साली हिलरी गंगासागरापासून जेट-बोटींनी गंगेतून वर निघाले. हृषीकेशच्या वरचे हेच खळाळ चढून गेले. पण अलकनंदेत नंदप्रयागजवळ एका धबधब्याने त्यांची वाट अडवली. १९५३ साली तेनसिंगबरोबर एव्हरेस्टच्या माथ्यावर उभा राहिलेला हा पुरुष. त्याने तिथे होड्या सोडल्या आणि मंडळी जमिनीवरून पुढे निघाली. दाजूंना ही गोष्ट इतकी आवडली की ती ते भुलांना सांगू लागले आणि प्रत्येक वेळी धबधबा थोडा उंच होऊ लागला.

गाइडला आता नदीबरोबर आणखीही पुष्कळ वाचावे लागते. वर भागीरथीवर टिहरीचे धरण आहे, २६० मीटर उंचीचे. २००६ सालापासून तिथे वीज तयार होते. वीज किती हवी त्याप्रमाणे पाणी सोडतात, आणि खाली वाळूवर खुणेचा दगड झाकतो किंवा उघडा पडतो. न्यायालयेही वाचावी लागतात. २०१५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने गंगेच्या वाळूवरच्या तंबूंना मनाई केली. तेव्हापासून आमच्या कॅम्पसारखे कॅम्प काठ सोडून वर डोंगरात गेले. ते योग्यच झाले, असे मला वाटते. ज्या वाळूवर मी रोज सकाळी उभी राहत होते, ती तंबूंनी आणि भटारखान्यांनी भरलेली मला कल्पनेतही बघवत नाही. २०१८ च्या जूनमध्ये तर नियम होईपर्यंत सारे राफ्टिंगच थांबवण्याचा आदेश उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने दिला होता. तो मोसम अर्ध्यावर कसा मोडला, ते भुले अजून सांगतात.

जूनच्या मध्यावर माझी सुटी संपत आली. वरचे बर्फ वितळून गंगेचा हिरवा रंग केव्हाच गेला होता. आता ती दूध घातलेल्या चहासारखी दिसू लागली. जुलै-ऑगस्टात तिथे राफ्टिंग बंदच असते. निघण्याच्या आदल्या दिवशी रिकामी राफ्ट हृषीकेशकडे न्यायची होती. लक्ष्मण झुल्याच्या वरच्या संथ डोहात दाजूंनी मला मागे, गाइडच्या जागेवर बसवले. १९३० साली खुला झालेला आणि जीर्ण झाल्यामुळे २०१९ साली रहदारीला बंद केलेला तो पूल समोर होता. पुढे चार भुले हुकमाची वाट पाहत बसलेले. मी ओरडले, "फॉरवर्ड!" अठरा वर्षे वर्गात बोलते आहे, पण माझ्या एका शब्दासरशी चौघे जण एकदम हलले, असे प्रथमच घडले!

"पावसाळ्यात काय करता?" मी दाजूंना विचारले होते. काही मुले घरी शेतीवर जातात, काही थेट आमच्या महाराष्ट्रात येतात, असे कळले. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालते, आणि पावसाळा हाच तिथला भराचा मोसम. दाजूही तिकडे येणार होते. म्हणून ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही घरची मंडळी कोलाडला गेलो. सासूबाई मोटारीत बसून राहण्याच्या बोलीवर आल्या होत्या.

कुंडलिकेचे पाणी ही एक मोठीच कथा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीचा तलाव. त्यातले पाणी नळांतून कडा उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते. हे वीजघर १९२७ सालचे. वीज करून झाली की ते पाणी खाली कुंडलिकेत सुटते, आणि सकाळी ते सुटले की राफ्ट निघतात. खरे तर हे पाणी मुळा नदीचे. आपल्या वाटेने गेले असते तर मुठा, भीमा, कृष्णा असा गोतावळा घेत बंगालच्या उपसागराला मिळाले असते. आता ते पश्चिमेला, अरबी समुद्राला जाते. याच धरणासाठी मावळातली गावे पाण्याखाली गेली, आणि ती वाचवण्यासाठी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह लढवला.

पाणी यायची वाट पाहत काठावर बसलो असताना हे सारे मी दाजूंना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिकडे जुनं टिहरी गावही असंच पाण्याखाली आहे, दिदी. म्हणजे दोन्हीकडे आपण कोणाच्या तरी अंगणावरून आलेलं पाणी वल्हवतो." नदीत दिसणाऱ्या खुणा वाचायला मला दाजूंनी शिकवले होते. न दिसणाऱ्याही त्यांना वाचता येत होत्या.

थोड्या वेळाने वरून आवाज आला आणि दगड एकेक करून झाकू लागले. पाऊस धरला होता. आमच्या ह्यांनी हेल्मेटचा पट्टा तिसऱ्यांदा तपासला. मुलीने वल्ह्याची मूठ घट्ट धरली आहे हे मी पाहिले. आठ प्रवासी बसले. दाजू मागे चढले. राफ्ट सुटण्यापूर्वी त्यांनी नेहमीप्रमाणे पुढून मागे एकेक हेल्मेट बोटाने मोजले, शेवटी स्वतःच्या छातीला बोट लावले आणि हळूच म्हणाले, "नऊ."

मीही मोजले होते. नऊच होते.